आबांची मोटर आणि बोटभर एरियल

जळगावच्या शाळेत मी सव्वीस वर्षं भूगोल शिकवतो आहे. वातावरणाचे थर हा धडा आला की फळ्यावर एकात एक गोल काढायचे, वरच्या गोलाशेजारी ‘आयनांबर’ असं लिहायचं आणि मुलांना वाक्य घालायचं: या थरामुळे रेडिओ लहरी पृथ्वीकडे परत येतात. मुलं लिहून घेतात, मी खडू झटकतो. त्या लहरी मुळात वर गेल्याच कशाला आणि परत येऊन पडतात कुठे, हे सव्वीस वर्षांत एकाही मुलाने विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मी त्याला पुढच्या वाक्याकडे नेलं असतं. आमच्या पेशात ही एक कला आहे.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे सावद्याला सासऱ्यांच्या केळीच्या बागेत जे झालं त्यात अडाणी कोण, हे वाचणाऱ्याला शोधत बसायला नको.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात, मीही. पंचाहत्तरी उलटली आहे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. गावात घर, घरापासून दीड किलोमीटरवर केळीची बाग, बागेच्या मधोमध बोअर. एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, सुरतला कापडाच्या व्यापारात. तिथे सातव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट आहे.

शेतीची लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. केळीला मात्र ते वेळापत्रक मान्य नसतं. त्यामुळे लाईट येईल तेव्हा आबा बागेत जाऊन मोटर लावत. जानेवारीत अशाच एका पहाटे ते बांधावरून घसरले, उजवं मनगट मोडलं, आणि डाव्या हाताने मोटर लावून मगच घरी आले. दवाखान्यात हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. मेहुण्याने ते सुरतहून फोनवर ऐकलं आणि तिथेच ठरवून टाकलं: आखाजीला येतो, बाग कराराने देतो आणि आबांना घेऊन जातो.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे शेतीचं वर्ष त्या दिवशी पालटतं. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचं, साल सुरू होतं, जमीन कोणी कोणाला कसायला द्यायची तेही त्या दिवसापर्यंत ठरतं. शेजारच्या शेतकऱ्याने बाग घ्यायची तयारी दाखवली होती. आखाजीच्या दुपारी चार वाजता येऊन शब्द पक्का करतो म्हणाला होता.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर माझ्या बायकोला, म्हणजे त्यांच्या लेकीला, एवढंच म्हणाले, “सातव्या मजल्यावर मी करू काय व? खाले पाहत बसू?”

ती रडली. बायको रडली की मला काहीतरी सुचतं, आणि ते बहुधा महागात पडतं. या वेळी मोबाईलवर चालणारा स्टार्टर सुचला. आता हे यंत्र बऱ्याच शेतांत आहे. त्यात एक सिमकार्ड असतं. घरबसल्या त्याला फोन लावायचा, ते उचलतं, आतली बाई सांगते, मोटर चालू करण्यासाठी एक दाबा, बंद करण्यासाठी दोन. एक दाबलं की दीड किलोमीटरवर पाणी सुरू, आणि ‘मोटर चालू’ असा मेसेजही येतो. मेहुणा म्हणाला, बरं, आखाजीपर्यंत बघू. मोटर लावायला आबांना बागेत जावं लागलं नाही, तर राहू दे त्यांना गावात.

म्हणजे एका माणसाचं घर, बाग आणि उरलेलं आयुष्य एका प्लास्टिकच्या डबीवर आलं.

रावेरच्या मेकॅनिकने ती डबी बोअरजवळच्या खांबावर लाकडी फळीला ठोकून दिली. आठ-दहा दिवस झकास चाललं. आबा खाटेवर बसून एक दाबायचे, दोन दाबायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे. मग शिवारात चोऱ्या सुरू झाल्या. कोणाची केबल गेली, कोणाचा स्टार्टर. आणि इथे जावयाची अक्कल पुढे सरसावली.

मी जळगावच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पेटी करून घेतली. जाड पत्रा, पाल-मुंगी आत शिरू नये म्हणून दाराला चारी बाजूंनी रबर, लठ्ठ कुलूप, वरून लाल रंग. वेल्डर म्हणाला, साहेब, यात तिजोरी ठेवणार का. मला ती स्तुती वाटली. मार्चच्या सुरुवातीला पेटी बसवली, डबी तिच्या काळ्या बोटभर एरियलसकट आत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली समारंभपूर्वक आबांच्या हातात दिली.

त्या संध्याकाळी आबांनी फोन लावला. बाई म्हणाली, आपण संपर्क करत असलेला क्रमांक संपर्क क्षेत्राबाहेर आहे.

आबांच्या मते ही तीच बाई होती. “काल लाव म्हनलं तं लावत होती,” ते मला म्हणाले. “आज म्हनते क्षेत्राबाहेर आहे. बोअर कुठी चालला क्षेत्राबाहेर?”

मेकॅनिक आला. त्याने कुलूप काढलं, दार उघडलं, आतले दिवे पाहिले, फोन लावला. मोटर लागली. यंत्र उत्तम आहे म्हणाला, दार लावून निघून गेला. आबा घरी पोचले, फोन लावला. क्षेत्राबाहेर. रविवारी मी जळगावहून गेलो. कुलूप काढलं, दार उघडलं, फोन लावला. मोटर लागली. मी आबांकडे पाहिलं, आबांनी माझ्याकडे पाहिलं. दार लावून घरी आलो, चहा झाला, फोन लावला. क्षेत्राबाहेर.

सिमकार्ड बदललं, कंपनी बदलली. शेजाऱ्याने लिंबू-मिरची बांधायला सांगितली. बांधली, पेटी उघडली, फोन लावला, मोटर लागली. शिवारात लिंबाची पत वाढली. मी आपला भूगोल बाहेर काढला. जमीन तापली की वरची हवा पातळ होते, आबा, आणि मृगजळात उजेड वाकतो ना, तशा या लहरीही वर वाकत असणार. जावई बोलतो म्हणून आबांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. मग विचारलं, “मंग सकायी काऊन लागत नाही, जावईबापू? सकायी तं गार असते.”

मी त्यांना पुढच्या वाक्याकडे नेलं.

बायको आठवड्याने माहेरी जाऊन आली ती गप्प होती. विचारलं तर म्हणाली, आबांच्या चपला दाराआड होत्या, ओल्या चिखलाने भरलेल्या. ते गुपचूप बागेत जात होते, तोच बांध, तेच मोडून सांधलेलं मनगट. मग तिने दुसरं वाक्य उच्चारलं, तेही चढ्या आवाजात नाही. “पेटी तुम्ही दिलीत. आता तुम्हीच बघा.” आखाजी सोळा दिवसांवर होती.

आता अक्काबद्दल सांगतो. अक्का माझी सख्खी मोठी बहीण, धुळ्याला असते. आम्ही मूळचे शिंदखेड्याकडचे, त्यामुळे ती माझ्याशी अजून अहिराणीतच बोलते, विशेषतः मला तासायचं असेल तेव्हा. पोलिसांच्या बिनतारी विभागात तिने तीस-एक वर्षं काढली आणि निवृत्त झाली. घरात आम्हाला तिची नोकरी कधी कळलीच नाही. ती लागली तेव्हा वडील लोकांना सांगायचे, मुलगी टेलिफोनवर बसते. तीस वर्षं मीही हेच समजत आलो की अक्का टेलिफोनवर बसते.

शाळेच्या कामाने धुळ्याला गेलो होतो, जेवायला तिच्याकडे. कळण्याची भाकरी खाता खाता पेटीची गोष्ट गंमत म्हणून सांगितली, लिंबू-मिरचीसकट. ती हसली नाही. तिने विचारलं, “पेटी कशानी शे?”

म्हटलं, लोखंडी.

“आन् एरियल?”

म्हटलं, आतच आहे, एकदम सुरक्षित.

तिने हातातला घास ताटात ठेवला. “तू पोरेसले शिकाडस ना?” ती म्हणाली.

मग उठली, आपला मोबाईल स्टीलच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं आणि मला म्हणाली, लाव फोन, लागणार नाही. मी लावला. डबा ठणाणा वाजायला लागला. एवढा आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. अक्काने शांतपणे खिडकीकडे बोट दाखवलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर होता. तिने समजावलं ते असं: इथे दाराशी सूर्य आहे, झाकणाच्या फटीतूनही उजेड शिरतो. सावद्याला तुमच्या बागेत लांबून पणतीचा उजेड येतो, आणि तू पणतीलाही दार लावून घेतलंस. रबरासकट.

आखाजीला आठ दिवस असताना अक्का सावद्याला आली, मी आणि बायको जळगावहून पोचलो. पिशवीत जुना ट्रान्झिस्टर, मोजपट्टी आणि लांब वायरचा एक नवा एरियल, ज्याच्या बुडाला लोहचुंबक होतं. पोलीस खात्यातल्या बाई म्हणून आबा उठून उभे राहिले. तिने त्यांना वाकून नमस्कार केला तेव्हा ते जरा अवघडलेच.

बागेत पोचताच मी सवयीने कुलपाला हात घातला. अक्काने माझा हात बाजूला केला. बंद पेटीसमोर उभी राहून तिने फोन लावला. क्षेत्राबाहेर. मग दार उघडायला सांगितलं, पुन्हा लावला. मोटर लागली. सगळं मिळून दोन मिनिटं. दीड महिन्यात आमच्यापैकी एकानेही बंद पेटीपुढे उभं राहून फोन लावलेला नव्हता. पेटीजवळ गेलं की माणूस आधी ती उघडतो. बंद दाराशी उभं राहून आतल्याशी बोलायची आपल्याकडे रीत नाही.

मला वाटलं, काम झालं, आता माझी जाहीर शोभा होऊन मंडळी घरी जातील. पण आबा हलेनात. त्यांना कारण पाहिजे होतं. पत्रा म्हणजे भिंत, हे त्यांना मान्य होतं. पण अडवलं काय? दिसत तर काही नव्हतं.

अक्काने ट्रान्झिस्टर काढला, गाण्यांचं एक स्टेशन लावलं, चालू ट्रान्झिस्टर पेटीत ठेवला आणि दार आबांच्या हातात दिलं. आबांनी दार लावलं. गाणं गेलं. आतून नुसती खरखर. चार बोटं उघडलं, गाणं आलं. लावलं, गेलं. उघडलं, आलं, आणि मधल्या काळात ते पुढे सरकलं होतं, आमच्यासाठी थांबलं नव्हतं. आबांनी हे किती वेळा केलं मी मोजलं नाही. पहिल्यांदा ते हसत होते. नंतर हसणं थांबलं. नंतर त्यांनी दार उघडंच धरलं आणि बागेकडे पाहिलं, मग वर, मग पुन्हा बागेकडे.

“म्हनजे हे गानं आत्ता माह्या केयीतून चाललं आहे?” त्यांनी विचारलं.

“हो, आबा,” अक्का म्हणाली.

“अन् हा डबा आपन आनला नसता तं?”

“तरी चाललंच असतं. ऐकणारं कोणी नसलं तरी ते जातच असतं.”

आबांनी आपला उजवा हात, तो मनगट मोडलेला, समोर धरून पाहिला. “माह्यातून बी?”

“तुमच्यातूनही.”

केळीचं पान जराही हललेलं नव्हतं. मी तिथे उभा होतो, पन्नाशीचा, भूगोलाचा, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या रिकाम्या हवेची भीती वाटली, देवळात वाटते तशी. भुसावळच्या गाडीचे निरोप, सावद्याच्या व्यापाऱ्याने ट्रकवाल्याला केलेला फोन, कोणाच्या लेकीचं रडणं, कोणाचं लग्न ठरल्याचं, बातम्या, भजन, सगळं एकाच वेळी एकमेकांतून आरपार जात होतं आणि कोणाचा कोणाला धक्का लागत नव्हता. आम्ही त्यातच जन्मलो, त्यातच जेवत होतो, झोपत होतो. आणि मी त्याला आजवर ‘हवा’ म्हणत आलो होतो.

त्या दिवशी अक्काने जे सांगितलं ते मी मास्तर असूनही विसरलो नाही. मोबाईलची ही लाट सेकंदाला नव्वद कोटी वेळा हेलकावते, ही तिची वारंवारता. आणि एवढ्या घाईत ती धावतेही प्रकाशाच्या वेगाने, सेकंदात पृथ्वीला साडेसात फेऱ्या. दोन्हींचा मेळ घातला की एका हेलकाव्यापुरता तिला जेमतेम फूटभर रस्ता मिळतो. ती तिची तरंगलांबी. त्या फुटाचा चौथा हिस्सा म्हणजे बोटभर. म्हणून हा दांडा बोटभर. आबांनी आपलं बोट एरियलला लावून पाहिलं. तंतोतंत. मला इतकी वर्षं वाटायचं, कारखान्याला परवडेल तेवढा दांडा ते देत असतील.

बागेच्या कडेला कडुनिंबाला पोरींनी आखाजीचा झोका बांधून ठेवला होता. अक्काने त्याला हलकेच ढकललं. अवेळी कितीही ढकला, झोका चढत नाही, ती म्हणाली. त्याच्या वेळेवर नुसतं बोट लावा, चढत जातो. दांडा बरोबर लांबीचा असला की आतली वीज त्या लाटेच्या वेळेवर झोके घ्यायला लागते. लांबून आलेला धक्का केवढासा, पण वेळेवरचा. एवढ्यावर मोटर लागते.

आबांनी झोक्याकडे पाहत मान हलवली. मला वाटतं त्यांना ते माझ्याआधी समजलं.

मग कामाला लागलो. पेटी राहू द्यायची, चोर खरेच होते; फक्त एरियल बाहेर काढायचा. पेटीच्या बुडाला भोक पाडून वायर बाहेर घेतली. पण चुंबकाचा एरियल हवेत लोंबकळत चालत नाही, त्याच्या पायाखाली पत्र्याची जमीन लागते, अक्का म्हणाली. आबा काही न बोलता घरी गेले आणि जुना लोखंडी तवा घेऊन आले. सासूबाईंचा. माझ्या बायकोने तो पाहिला, तोंड उघडलं आणि मिटलं. घडाला टेकू द्यायचा उंच बांबू घेऊन त्याच्या शेंड्याला तवा आडवा पक्का केला. त्यावर एरियल बसवायचं काम मला दिलं. मी तो मोठ्या विचाराने आडवा केला आणि टोक गावातल्या टॉवरकडे रोखून बांधला, वाटसरूला रस्ता दाखवावा तसा.

“तो काय बंदूक शे?” मागून अक्का म्हणाली.

माझी समजूत अशी की लहरी टोकातून सुटतात. अक्काने आपल्या पदराची चुंबळ केली, बायका घागरीखाली घेतात तशी, आणि त्यात उभं बोट घातलं. बोट म्हणजे एरियल, चुंबळ म्हणजे त्याचं राज्य. चारी बाजूंना सारखं, टोकाच्या दिशेला जवळजवळ शून्य. म्हणजे टॉवरच्या दिशेने मी मोठ्या नेमबाजीने ते शून्य रोखलं होतं. एरियल उभा केला. आबांनी विचारलं की दुसरा मोठा, जास्त ताकदीचा एरियल मिळतो म्हणे. अक्का म्हणाली, एरियल ताकद देत नाही, आबा, असलेलीच वळवतो. तुम्ही दोन तोंडांचं पाणी एका सरीत सोडता तसं. पाणी तेवढंच, सरी मात्र भरून वाहते.

बांबू आधी पानांच्या आतच उभा केला तेव्हा फोन अडखळत लागला. केळ म्हणजे उभं पाणी, आणि पाणी या लाटा पिऊन टाकतं. मग पानांच्या वर चढवला. तिथून गावचा टॉवर नजरेला दिसत होता. अक्का म्हणाली, आपल्याला दिसला की त्यालाही दिसतो. पेटीचं दार लावलं, कुलूप लावलं, आबांनी तिथूनच फोन केला. बंद पेटीत खट् झालं आणि मोटर घुमायला लागली.

पुढच्या आठवड्यात शिवारातल्या आणखी दोघांनी खांबावर तवे ठोकले. एरियल नाही, नुसते तवे. ते असो.

एरियल लावला त्याच संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो, दिवेलागणीची वेळ. अक्काने ट्रान्झिस्टर दुसऱ्या पट्टीवर नेला, तिथे खरखरीच्या मागून एक बाई भलत्याच भाषेत बोलत होती. आवाज भरून यायचा, ओसरायचा, पुन्हा भरायचा. मी विचारलं, हे कुठून. अक्का म्हणाली, समुद्रापलीकडून, वर जाऊन आदळतं आणि उतरतं. सूर्य बुडाला की वरचे थर बदलतात, मग लांबचं ऐकू येतं. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. ते माझंच वाक्य होतं, सव्वीस वर्षं वहीत घातलेलं. ते खरं आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि तेव्हा अक्का पहिल्यांदा तिच्या नोकरीबद्दल बोलली. एका पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या चौकीचा आवाज असा बुडत होता. शब्द कळत नव्हते, फक्त खरखरीमागे माणूस आहे एवढं कळत होतं. ती तासभर त्याला तेच ते विचारत राहिली, एकेक शब्द गोळा करत, आणि पुराच्या पाण्यातली माणसं कुठे अडकली आहेत ते गाव तिने त्यातून काढलं. माणसं निघाली. घरी आली तेव्हा वडिलांनी विचारलं, आज फार फोन होते का. ती हो म्हणाली. सांगून झाल्यावर तिने ट्रान्झिस्टर बंद केला आणि मला म्हणाली, “चहा पी. थंडा व्हयना.” मी प्यालो.

आखाजीला मेहुणा सुरतहून आला. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, म्हणून बायको तिथे, म्हणजे मीही तिथेच, आणि आबांनी अक्कालाही बोलावून घेतलं होतं. यंदा तुमचं माहेर सावद्यात, म्हणाले, आणि तिच्यासाठी लुगडं आणून ठेवलं. पुरणपोळी-आमरस झाला. मेहुण्याने हात धुतले. त्याला चिखलाच्या चपलांचं कळलं होतं. मनाने तो आबांना गाडीत बसवूनच आला होता, आणि चार वाजता शेजारी येणार होता.

वाईट माणूस नाही तो. वडिलांचा मोडलेला हात ज्याने फोनवर ऐकला त्याला भीती वाटणारच. म्हणाला, मेसेज-बिसेज मला नका दाखवू. मी पेटीसमोर उभा राहतो, किल्ली आबांकडे राहील, आबांनी घरून लावायची. तीन वेळा. त्यातली एक जरी चुकली, तर माझं ऐकायचं.

आबा म्हणाले, “जा.”

मी त्याच्याबरोबर गेलो. ऊन मी म्हणत होतं. बागेत शिरताना त्याने वर पाहिलं.

“आईचा तवा?”

“हो.”

लाल पेटीसमोर आम्ही दोघं उभे राहिलो. त्याने कुलूप ओढून पाहिलं, घरी फोन करून सांगितलं, लावा. मी मनातल्या मनात हिशेब करत होतो, आबांना आकडे शोधायला किती वेळ, बाईचं बोलणं संपायला किती वेळ. एवढ्या वेळात तिकडची लाट पृथ्वीला शेकडो फेऱ्या मारून आली असती. पेटी मुकी. मेहुण्याने घड्याळ पाहिलं.

खट्.

मोटर घुमली, पाइप थरथरला, नळ्यांमधली कोंडलेली हवा फुसफुसत निघाली आणि ओळीने एकेका केळीच्या बुडाशी थेंब पडायला लागले. थोड्या वेळाने तिकडे आबांनी दोन दाबलं, बंद. पुन्हा खट्, पुन्हा पाणी. बंद. तिसऱ्या वेळेला मेहुणा पेटीकडे बघतच नव्हता. तो वर तव्याकडे पाहत होता, डोळ्यांवर हात धरून. त्याने आबांना फोन लावला आणि एवढंच म्हणाला, “आबा, पानी आलं.”

घरी आलो तोवर शेजारी येऊन ओट्यावर बसला होता. मेहुण्याने त्याला स्वतःच्या हाताने सांजोऱ्यांची ताटली दिली आणि या साली नको म्हणाला, पुढचं पुढे बघू. आबा पानाला चुना लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण चुना जरा जास्तच लागला असावा, कारण नंतर बराच वेळ त्यांचे डोळे ओले होते.

पंधरा दिवसांनी मी सावद्याला गेलो होतो. भरदुपार, आबा आणि मी ओट्यावर. त्यांच्या फोनवर मेसेज वाजला. मी वाचून दाखवला: मोटर चालू. आबांनी फोनला हात लावला नव्हता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि खरं सांगतो, माझ्या मनात आधी लिंबू-मिरचीच आली. मग आबांना आठवलं की अक्काने आखाजीला यंत्रात मेहुण्याचाही नंबर घालून दिला होता. त्यांनी सुरतला फोन लावला.

“मोटर तू लावली?”

पलीकडून मेहुणा जरा चाचरला. हो म्हणाला, जेवणाची सुट्टी होती, सहज, इथून लागते का बघत होतो.

“मंग, लागली?”

“लागली, आबा.”

आबांनी फोन दुसऱ्या कानाला घेतला. मग म्हणाले, “बंद कर. जमीन ओली आहे अजून.”

फोन ठेवला. मिनिटभरात मेसेज आला, मोटर बंद. आबांनी तो मला दोनदा वाचायला लावला. हे सुरतहून सगळं हवेतून आलं का, त्यांनी विचारलं. मधला बराचसा रस्ता जमिनीत पुरलेल्या तारांमधून असतो आणि फक्त दोन्ही टोकं हवेतली, हे अक्काने मला बजावून सांगितलं होतं. मी तसं सांगायला सुरुवातही केली. पण आबा माझ्याकडे पाहत नव्हते. ते बागेच्या दिशेच्या मोकळ्या आभाळाकडे पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा सुरतला फोन लावला.

“उद्या सकायी दहाले तूच लावजो,” ते लेकाला म्हणाले. “मी उठतो तं लवकर, पन तू लाव.”